कल्याण-वाल्मिकचं पुढं काय?

सगळा घोळ लंकाबाईच्या भक्तीतून झाला. गुरुवार होता, ऊस कारखान्यावर टाकून ट्रॅक्टर परत आला होता, कोप्यांपुढच्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांपुढच्या, चुली पेटल्या होत्या आणि लंकाबाईला साईबाबांची कथा ऐकायची हुक्की आली. टोळीत चांगला मोबाईल एकट्या जयाचा. जया म्हणजे लंकाबाईची नवी सून, बारावी शिकलेली आणि ऊसतोडीच्या पहिल्याच हंगामाला आलेली. तिने गोष्टींच्या अ‍ॅपवर ‘शिर्डी’ असं टाकलं आणि पहिलं जे आलं ते लावून दिलं.

“मी सम्राट. भिंगारहून बोलतोय. पाणी घेऊन बसा,” असा एक गोड आवाज आला. मग पहाट, काकड आरती, मंदिराबाहेरची फुलांची दुकानं आणि गुलाबांवर पाणी मारणारा कल्याण नावाचा पोरगा. लंकाबाईने पदर डोक्यावर घेऊन हात जोडले. तिचं बघून सगळ्या टोळीने जोडले. विमानतळावरून भाविकांना आणणारा वाल्मिक नावाचा ड्रायव्हर कल्याणकडून हार घेतो आणि हार तिथेच विसरून जातो, तेव्हा आता चमत्कार होणार म्हणून सगळे श्वास रोखून बसले. चमत्कार काही झाला नाही. दुसऱ्या दिवशीच्या भागातही झाला नाही. तिसऱ्या भागात वाल्मिकने कल्याणचा हात धरला तो सोडलाच नाही, आणि भिमाजीचा घास तोंडातच राहिला.

“आरं, ही बाबांची कथा न्हाई!” तो ओरडला. भिमाजी लंकाबाईचा नवरा, टोळीतला वडीलधारा. “ही दोन गड्यांच्या पिरमाची गोष्ट हाय!”

जयाने घाबरून मोबाईल बंद केला. लंकाबाईने जोडलेले हात हळूच खाली घेतले, आजूबाजूला कोणी हसतंय का ते बघितलं आणि सुनेवर डाफरली, “बंद कशापायी केलंस? हात धरला, मग पुढं काय झालं ते तरी कळू दे!”

त्याच वेळी पलीकडच्या चुलीपुढे सहादेवच्या हातातली भाकरी तव्याऐवजी राखेत पडली. आपल्याकडे कोणाचं लक्ष नाही असं त्याला वाटलं. त्याने भाकरी झटकली, तव्यावर टाकली आणि मान वर न करता पुढचा शब्द न् शब्द ऐकला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळी बांधायची, असे दोघं मिळून एक कोयता. बहुतेक कोयते नवरा-बायकोचे असतात, पण दोघं भाऊ, बापलेक, साडू-साडू असेही चालतात. एकट्या माणसाला मात्र अर्धा कोयता म्हणतात, आणि अर्ध्या कोयत्याला कोणी विचारत नाही. सहादेव आणि रामहरी हे शेवगावच्या पुढच्या कोरड्या भागातल्या शेजारशेजारच्या गावांतले. एका हंगामात रामहरीचा भाऊ आजारी पडला म्हणून सहादेव त्याच्या जोडीला आला, आणि तेव्हापासून दोघांचा कोयता एक झाला तो झालाच. एक कोपी, एक चूल, एक गोधडी. दोन गडी एका कोपीत राहतात यात टोळीला काही वावगं दिसायचं कारणच नव्हतं. सहादेवला तर एवढंच कळत होतं की नोव्हेंबर आला की आपण जिवंत होतो आणि मार्चमध्ये गावी गेलो की पुन्हा नोव्हेंबरची वाट बघत बसतो.

आणि औंदा रामहरीची आई रोज फोन करत होती. हंगाम संपला की पोरगी बघायला जायचं, आवडली की बार उडवायचा. बायको आली की तोच रामहरीचा कोयता. सहादेव अर्धा. हे गणित सहादेवने शंभर वेळा मांडून बघितलं होतं आणि उत्तर काही बदलत नव्हतं. रामहरीला विचारायची त्याची छाती होत नव्हती, आणि रामहरी आपणहून बोलत नव्हता.

तर गोष्ट. टोळीला त्या गोष्टीने अक्षरशः वेड लावलं. दिवसभर उसाच्या फडात पाचट उडायचं आणि त्याबरोबर कल्याण-वाल्मिकही उडायचे. या सरीतून त्या सरीत मतं फेकली जात. कोणी म्हणे वाल्मिक गाडी लई जोरात चालवतो, तो एक दिवस घात करणार. कोणी म्हणे कल्याणच्या दुकानाशेजारचा पेढेवाला चुगली करणार, बघाच. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढतानाही बाया मागे वळून भांडायच्या. संध्याकाळी चुली आधी पेटू लागल्या, भाकरी आधी होऊ लागल्या, आणि मोबाईलला चांगला आवाज यावा म्हणून जया तो रिकाम्या पितळी डब्यात उभा करू लागली. “मी सम्राट,” असं आलं की पोरं ओरडत, “भिंगारहून बोलतोय!” आणि लंकाबाई खरोखर तांब्या भरून शेजारी ठेवी.

लंकाबाईची मतं सगळ्यांत कडक. “ह्या सम्राटला शिर्डी ठावं हाय का? दोघं जवळ आलं की ह्यांच्यावर पाऊस पडतोय. एवढा पाऊस आपल्या जिल्ह्यात कुठला? असता तर आपण हितं कशाला आलो असतो?” आणि दुसरं, “अजून एकदा बी दोघं जेवायला बसलं न्हाईत. नुसतं डोळ्यात बघत्यात. पिरीम भुकेलं ऱ्हातं व्हय? कोण सैपाक करतं, कोण भांडी घासतं, ते सांग की बाबा!”

“आवो आत्या, गोष्टीत भांडी कोण घासतं?” जया हसून म्हणायची.

“मग त्यांचं टिकंल कसं?” लंकाबाई विचारायची. सहादेव खाली मान घालून हसायचा, कारण त्याच्या कोपीत भांडी रामहरी घासत असे, तेही गुणगुणत.

गोष्टीखाली इतर ऐकणारे आपापली मतं लिहीत आणि जया ती सगळ्यांना वाचून दाखवायची. टोळीला त्याची गोष्टीइतकीच चटक लागली. सांगलीच्या कोणीतरी लिहिलं होतं, ‘असल्या सगळ्या कादंबऱ्यांत शेवटी एक जण मरतो, नाहीतर परदेशात जातो. या वेळी दोघांनाही जगू द्या, दादा.’ टोळीने एकमुखाने ‘बराबर!’ म्हटलं. पुण्याच्या एका बाईने विचारलं होतं, ‘दोघंही इतके देखणे कसे? काळ्यासावळ्या, ढेरी सुटलेल्या पुरुषांनी प्रेम करू नये का?’ त्यावर सगळ्या बाया भिमाजीच्या पोटाकडे बघून इतक्या हसल्या की तो उठूनच गेला. एकाने लिहिलं होतं, ‘ही सगळी शहरी फॅशन आहे. आपल्या मातीत असलं काही नसतं.’

“ह्याची माती कंची?” लंकाबाई तिरसटली. “माणसं हायेत तितं सगळंच असतंय.”

आणि एक मत अगदी छोटं होतं. ‘मी या दोघांसारखाच आहे. घरात कानाला हेडफोन लावून ऐकतो. उद्याचा भाग लवकर टाका.’ ते वाचून जया पुढच्या मताकडे वळली. मग सहादेव म्हणाला, “जया, त्ये परत एकदा वाच.” तिने वाचलं. सहादेवला इतका आनंद झाला की उठून माळभर पळत सुटावंसं वाटलं. कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी घरात आणखी एक जण होता. त्याचं नाव माहीत नव्हतं, पण तो होता!

एकटा रामहरी तेवढा गोष्टीला यायचा नाही. गोष्ट सुरू झाली की तो कळशी घेऊन उठायचा आणि ट्रॅक्टरच्या पलीकडे, पाण्याच्या टाकीकडे जायचा. सहादेवला ते लागायचं. याला आपली लाज वाटते, असं त्याने मनाशी धरून टाकलं होतं.

हंगाम संपत आला. कारखान्याचा पट्टा पडायला, म्हणजे गाळप बंद व्हायला, थोडेच दिवस उरले आणि नेमकी गोष्टही कड्यावर येऊन उभी राहिली. कल्याणच्या घरच्यांनी पोरगी पसंत केली. वाल्मिक म्हणाला, तू हो म्हणालास तर मी गाडी विकून निघून जाईन. आणि एवढ्यावर सम्राटने गोष्ट थांबवली. “शेवटचा भाग लिहायचाय,” तो म्हणाला, “आणि खरं सांगतो, मला सुचत नाहीये. कल्याणने काय करावं? तुमचं मत तुमच्या आवाजात पाठवा.”

मग काय विचारता! टोळीत जत्रा भरली. पोरांनी पितळी डबा बडवला. लंकाबाईने जाहीर केलं की एकट्यादुकट्याचं मत जाणार नाही, टोळीचं म्हणून एकच जाईल, पण आधी प्रत्येकाने बोलायचं. जयाने मोबाईल हातात धरला आणि एकेकापुढे नेऊ लागली.

भिमाजी आधी खाकरला. “पोरीसंगं लगीन करावं. आईबापाचं ऐकावं. संसाराला लागला की इसरंल सगळं.”

“आन् त्या पोरीचं काय?” लंकाबाई उसळली. “ती काय इसरंल? माझ्या भाचीचं काय झालं, ठावं न्हाई व्हय तुमाला? नवऱ्याचं मन दुसरीकडं आन् ही निस्ती भिंतीकडं तोंड करून पडायची. दोघांच्या भित्रेपणापायी तिसरीचा जीव कशाला घ्यायचा? कल्याणनं घरी सरळ सांगावं, माजं जुळल्यालं हाय म्हणून.”

“आन् घरच्यांनी हाकलला तर?” भिमाजी म्हणाला.

“फुलं इकतोय ना? हात हायेत ना?”

जया म्हणाली, आधी वाल्मिकने रुसायचं थांबवावं, धमक्या देऊन कोणी प्रेम करतं का. तिच्या नवऱ्याने मान डोलावली. मतं दोन्हीकडून अशी सुटली की कोण काय बोलतंय ते कळेना. आणि मोबाईल फिरत फिरत सहादेवपुढे आला. जया म्हणाली, “बोला की भावजी.”

सहादेवच्या पोटात सगळं तयार होतं. कितीतरी दिवसांपासून तयार होतं. त्याने तोंड उघडलं आणि त्याच्या कानावर स्वतःचाच आवाज आला, “मला काय कळतंय त्यातलं? दुसऱ्याला इचारा.” जयाने मोबाईल पुढे नेला. लंकाबाई मात्र त्याच्याकडे क्षणभर बघतच राहिली. मग ती म्हणाली, “आज न्हाई जमत एकमत. सकाळी मुकादम यायचाय, तवा सगळी फडावर जायच्या आदी गोळा हुत्यात. तवा ठरवू.”

सहादेव कोपीकडे आला तो स्वतःवर चिडूनच. रामहरी दारात बसून भांडी घासत होता. आज गुणगुणत नव्हता.

“तू काय बोलला न्हाईस,” रामहरी म्हणाला.

“तुला कसं ठावं? तू तर हुतास टाकीवर.”

“टाकीवर कुठला? ट्रॅक्टरच्या चाकामागं बसतो. रोज.” रामहरीने ताट उलटं करून ठेवलं. “एक बी भाग चुकवला न्हाई. तुझ्याशेजारी बसून ऐकलं असतं तर माझ्या तोंडावर सगळ्यांना वाचता आलं असतं. म्हणून चाकामागं.”

सहादेव त्याच्यापुढे बसला. इतके दिवस तो ज्याला लाज समजत होता ते हे होतं. त्याला हसू यायला लागलं आणि रडूही.

“आईचा फोन आल्ता,” रामहरी म्हणाला. “सोमवारी पोरगी बघायची हाय. जाऊ का?”

“मला इचारतोस?”

“मग कुणाला इचारू? सम्राटला?”

कोपीतल्या कंदिलाच्या उजेडात त्याचे राखेने माखलेले हात दिसत होते. सहादेवने ते हात धरले. जे मोबाईलपुढे निघालं नव्हतं ते आता सुटलं. “जाऊ नको. मी तुला सोडून ऊस तोडनार न्हाई आन् गावी बी जगनार न्हाई. हे माजं मत हाय. जाऊ नको, रामहरी.”

रामहरी उठला. हात सोडवून घेतले, धुतले, आपला साधा फोन उचलला आणि रेंज मिळते त्या टेकाडाकडे चालू लागला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. “आई लई रडली,” एवढंच म्हणाला आणि गोधडी ओढून झोपला. काय सांगितलं ते त्याने सांगितलं नाही, आणि विचारायचा धीर सहादेवला झाला नाही.

सकाळी मुकादम मोटरसायकलवर गुळाची ढेप बांधून आला. या मुकादमाची एक रीत होती. पुढच्या हंगामाला येणाऱ्या कोयत्याचं नाव तो मोठ्याने पुकारायचा आणि गुळाचा खडा द्यायचा. जोडीतल्या एकाने तो फोडून अर्धा दुसऱ्याच्या हातावर ठेवायचा. दोघांनी खाल्ला की कोयता पक्का. एकदा गूळ खाल्ला की पुढच्या हंगामात जोडी मोडायची नाही, असं सगळे मानत. अर्ध्या कोयत्याला गूळ नसे.

टोळी गोल करून बसली. जया एका बाजूला मोबाईल घेऊन तयार. नावं झाली की टोळीचं मत बोलायचं होतं. भिमाजी आणि लंकाबाईचा गूळ झाला. जयाने लाजत नवऱ्याकडून घेतला. मग मुकादमाने मान वर केली.

“रामहरी. तुझं औंदा लगीन म्हणत्यात. मग बायकोच्या जोडीनं धरू का? सहादेव, तुझं काय? पुतन्या-बितन्या आणतोस, का अर्ध्यात धरू?”

सहादेव जमिनीकडे बघत राहिला.

“लगीन न्हाई,” रामहरीचा आवाज आला. “काल आईला सांगितलं, पोरगी बघाया येत न्हाई म्हणून.”

“का रं? पोरगी वंगाळ हाय का?”

“पोरगी चांगली असंल. माजा कोयता जुळल्याला हाय.”

त्याने पुढे होऊन मुकादमाच्या हातातला खडा घेतला, दगडावर आपटून फोडला आणि सहादेवपुढे आला. सहादेवने तळहात पुढे केला. रामहरीने हातावर गूळ ठेवला नाही. लग्नात घास भरवतात तसा सरळ त्याच्या तोंडात घातला.

सगळ्या टोळीच्या माना त्यांच्याकडे वळल्या. सहादेवला गूळ चावताही येईना. भिमाजी कधी रामहरीकडे बघे, कधी सहादेवकडे, आणि त्याच्या कपाळावर आठ्याच आठ्या पडल्या होत्या.

आणि मग लंकाबाई दोन्ही हातांनी टाळी वाजवून ओरडली, “आता नाव घे की रं!”

लग्नात नवरा-नवरीला म्हणतात तसं. अगदी त्याच सुरात. बाया फुटल्या. “नाव घ्या, नाव घ्या!” पोरांनी डबा धरला. रामहरी, एवढा धीट रामहरी, कानापर्यंत लाल होऊन मुकादमाच्या मोटरसायकलमागे तोंड लपवू लागला. लंकाबाई सहादेवजवळ येऊन म्हणाली, “त्या दिशी तुजी भाकर राखंत पडली तवाच वळखलं मी. आता तरी बोल. का आजबी तुला काय कळत न्हाई?”

सहादेव उठला. गूळ तोंडात तसाच होता.

“रामहरी!” तो म्हणाला. इतक्या मोठ्याने, की पलीकडच्या टोळीतली माणसं बाहेर येऊन बघायला लागली.

“निस्तंच नाव? यमक कुठं हाय?” कोणीतरी ओरडलं आणि पुन्हा हशा उसळला. मुकादमाने डोकं खाजवलं, “एक कोयता, पक्का,” म्हणाला आणि पुढचं नाव पुकारलं. भिमाजीने बराच वेळ मिशी ओढली. शेवटी म्हणाला, “फोडायचा तर सारखा फोडावा. सहादेवला बारका तुकडा दिला त्यानं.” एवढं बोलून तो कोयत्याला धार लावायला गेला.

“आत्या,” जया घाबऱ्या आवाजात म्हणाली, “रेकॉर्डिंग चालूच हुतं. नाव पुकारल्यापासनं समदं आलंय.”

लंकाबाईने सहादेवकडे बघितलं. सहादेवने रामहरीकडे. रामहरीने मोटरसायकलमागून मान हलवली.

“धाड,” सहादेव म्हणाला. “टोळीचं मत म्हणून धाड.”

पट्टा पडला. कोप्या मोडल्या, भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या सगळं ट्रॉलीत चढलं आणि टोळी गावाकडे निघाली. वाटेत मोबाईलला धड रेंज नव्हती. शेवगावच्या बाजाराजवळ ट्रॅक्टर डिझेलसाठी थांबला आणि जयाचा मोबाईल वाजला. शेवटचा भाग आला होता. तिने पितळी डबा शोधून काढला. रामहरी या वेळी कुठल्या चाकामागे गेला नाही. सहादेवला अगदी खेटून, वाढ्याच्या, उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, भाऱ्यावर बसला.

“मी सम्राट,” आवाज आला. पोरं ओरडली, “भिंगारहून बोलतोय!” लंकाबाईने तांब्या पुढे ओढला.

“आज पाणी नको,” तो म्हणाला. “आज गूळ घेऊन बसा.”

लंकाबाईने पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.